काशीत सोडलेलं कुलूप

बोरटाकळीत पुष्पावतीबाई दहिफळे दिसायच्या आधी ऐकू यायच्या. छुन छुन छुन. कमरेला चांदीचा छल्ला, छल्ल्यात आठ किल्ल्या. बाई मारुतीच्या पारापाशी वळल्या की इकडं ओट्यावर मोबाईल बघत बसलेली सून रोहिणी मोबाईल पदराखाली ढकलून तांदूळ निवडायला लागायची. तांदूळ आधीच निवडलेले असले तरी.

आठ किल्ल्या म्हणजे आठ कुलपं. चहा-साखरेच्या कपाटाला एक. धान्याच्या कोठीला एक. फ्रिजला एक. तुपाच्या डब्याला एक, आणि त्यासाठी डब्याला शेवगावातून कडी-कोयंडा डाग देऊन आणलेला. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला, कोंबड्यांच्या खुराड्याला, पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेला. आणि अंगणातल्या संडासाला. या शेवटच्या कुलपापायी आबासाहेबांना, म्हणजे बाईंच्या मालकांना, पोटात कळ आली की आधी बायको शोधावी लागायची. "आमच्या घरातली दिसली का?" असं विचारत ते गल्लीतून निघायचे. विचारण्याच्या घाईवरून लोकांना काम कळायचं.

घरात पाहुणा आला की रोहिणी मधल्या दारात उभी राहायची. रोहिणी कर्जतची, बी.ए. झालेली, बोलणं स्वच्छ.

"आत्या, चहापत्ती काढून देता का?"

"कोन हायेत?"

"मामांचे सोयरे. दोघं."

"बसनारेत का उभ्या उभ्या आलेत?"

"बसलेत."

"मग आधी पानी दे. पान्यानं बी भागतं लई जनांचं."

बाई काही जन्मापासून अशा नव्हत्या. मुलगा कल्याण रांगता होता त्या वर्षी नवरा-बायको पहिल्यांदा कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. दाराच्या कडीला तार पिळली, मारुतीपुढं नारळ फोडला आणि टोळीच्या ट्रकात बसली. वैशाखात परत आली तर तार तशीच पिळलेली. आत मात्र घर झाडून नेल्यासारखं. हंडा गेला, घोंगडी गेली, पाटा गेला. पाटासुद्धा! वरवंटा तेवढा चुलीपाशी पडला होता.

"चोरानं जाताना तार परत पिळून ठिवली ओ," बाई अजून सांगतात. "एवढा नेटका मानूस, आन वरवंटा इसरला."

सांगताना हसतात, पण त्याच आठवड्यात त्यांनी शेवगावच्या बाजारातून पहिलं कुलूप आणलं होतं. पुढं ऊसतोड सुटली, कल्याण साखर कारखान्यात चिकटला, विहिरीला पाणी लागलं, घरावर स्लॅब पडला. घरात एकेक गोष्ट येत गेली आणि तिच्या मागोमाग एकेक कुलूप.

तर या फाल्गुनात गावच्या भजनी मंडळाची बस काशीला निघाली. बाईंनी दहा दिवसांची साखर, चहापत्ती, पीठ, तेल मोजून ओट्यावर काढून ठेवलं. फ्रिज रिकामा करून त्यालाही कुलूप घातलं. प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघितलं. रोज लागणाऱ्या तीन किल्ल्या, म्हणजे स्टार्टरची, खुराड्याची आणि संडासाची, नाइलाजानं नवऱ्याच्या हातावर ठेवल्या. उरलेल्या पाच कमरेला घेऊन बाई बसमध्ये चढल्या.

बसमध्ये दोन दिवस एकच चर्चा: कुणी काय सोडायचं. काशीला गेलं की जिवाला आवडणारी एक गोष्ट गंगेत सोडून यायची आणि परत आयुष्यभर तिच्याकडं वळून बघायचं नाही, अशी रीत आहे. बहुतेक लोक एखादं फळ नाहीतर भाजी सोडतात.

मंडळाचे म्होरके वैजनाथबुवा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून समजावून सांगत होते. बुवा प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काय म्हणतो मी?" असं विचारायचे, आणि कुणी उत्तर दिलेलं त्यांना खपायचं नाही.

"मी मागल्या खेपेला वांगं सोडलं. जीव होता माझा वांग्यावर. पण सोडलं. काय म्हणतो मी?"

"मी काय म्हनत न्हाई, पन," मागून सविता म्हणाली, "परवा आमच्याकडं भरल्या वांग्याला दोनदा वाटी पुढं केली, ती कुनी?"

"तो रस्सा! रस्सा सोडलेला नाही मी."

सगळी बस हसली. पुष्पावतीबाई तर डोळ्याला पदर लावेपर्यंत हसल्या.

सविता ही बाईंची शेजारीण, भिंतीला भिंत. तिचं बोलणं "मी काय म्हनत न्हाई, पन" इथून निघायचं आणि मग ती सगळंच म्हणायची. तिनं फणस सोडायचं ठरवलं होतं.

"फनस?" बाईंनी विचारलं. "अगं, तू फनस खाल्लायस का कधी?"

"खाल्ला न्हाई. पन मन हाय ना. उद्या खावा वाटला मंजी?"

विजयमालाबाई म्हणून मंडळात झांजा वाजवणाऱ्या होत्या, त्यांनी कारलं धरलं. कारल्याच्या नावानं त्यांना लहानपणापासून मळमळायचं. बाईंनी दोडका नक्की केला. दोडका गेला काय, राहिला काय.

काशीला घाटावरचे गुरुजी तरुण होते, गळ्यात मोबाईल अडकवलेला, आणि नगर जिल्ह्यातल्या बायकांची त्यांना सवय दिसत होती. एकेकीला ते पाण्यात उभं करायचे, डुबकी मारायला लावायचे, ओंजळीत पाणी घेऊन काय सोडायचं ते बोलायला सांगायचे, की पुढची.

"माताजी, डुबकी। दोनों हाथ जोड़कर।"

बाई बुडल्या, वर आल्या. एक हात छातीशी, नमस्काराला. दुसरा कमरेला. प्रवाहात किल्ल्या वाहून गेल्या तर?

"दोनों हाथ, माताजी।"

पुन्हा बुडल्या. पुन्हा तेच. हात जोडायला जावं आणि अर्ध्यातून तो आपोआप खाली यावा.

"दोनों! दोनों!"

काठावरच्या बायका हसायला लागल्या. सविता तर वरून ओरडली, "अगं पुष्पे, गंगा काय तुझी साखर न्हेती का?"

बाई कमरेभर पाण्यात उभ्या होत्या. समोर सूर्य वर आलेला, पाणी सोन्यासारखं झालेलं, दोन राज्यं ओलांडून त्या इथवर आल्या होत्या, आणि देवाला जोडायला त्यांच्याजवळ एकच हात होता. त्यांना आधी लाज वाटली, मग राग आला. सविताचा नाही. किल्ल्यांचा.

"बोलिए माताजी, क्या छोड़ रही हैं? फल? सब्ज़ी?"

ओठावर दोडका तयार होता. बाहेर पडलं, "कुलूप!"

"क्या?"

"कुलूप. कुलूप छोड्या मैने!"

गुरुजींनी काठाकडं बघितलं. "ताला म्हनती ती," सविता म्हणाली. "ताला, ताला."

"ताला?" गुरुजींच्या हातातलं पाणी गळून गेलं. "माताजी, ताला कोई नहीं छोड़ता। लौकी बोलिए।"

"लौकी हमारे में गायी खाती. तुम ताला बोलो!"

गुरुजींनी मान डोलावली आणि संस्कृतात ताल्याला कुठंतरी बसवून संकल्प पुरा केला. बाईंनी छल्ल्यातून पाच किल्ल्या काढल्या आणि हात उघडला. किल्ल्या बुडताना अजिबात वाजल्या नाहीत. छल्ला मात्र त्यांनी परत कमरेला अडकवला. चांदीचा होता, माहेरचा होता, आणि छल्ल्याचं काही बोलणं झालं नव्हतं.

मग दोन्ही हात जोडून त्यांनी अशी डुबकी मारली की गुरुजींना वाटलं, माताजी येतच नाहीत आता वर.

लॉजवर येऊन केस वाळवताना बाईंच्या ध्यानात आलं. किल्ल्या गंगेत. कुलपं बोरटाकळीत. लावलेली.

त्यांनी घरी फोन लावला.

"रोहिणे, कपाटाचं कुलूप तोड."

रोहिणीचा फोनपासून लांबून आवाज आला, "मामा, इकडं या लवकर. आत्यांना काहीतरी झालंय."

आबासाहेब फोनवर आले. "गोळी घेतली का बीपीची?"

"घेतली. खाजाभाऊला बोलवा आन सगळी कुलपं काढा. म्या कुलूप सोडलंय काशीला."

"बरं," आबासाहेब म्हणाले. त्यांचं बहुतेक गोष्टींवर एवढंच म्हणणं असायचं. पण या वेळी फोन ठेवता ठेवता त्यांनी स्वतःहून विचारलं, "संडासाचं बी?"

"समदी!" बाई म्हणाल्या. आणि श्वास घेऊन, "ट्रंक सोडून. ट्रंकंला हात लावायचा न्हाई कुनी."

खाजाभाई शेवगावच्या आठवडी बाजारात कुलपं विकायचा, बिघडलेली दुरुस्त करायचा, राहायला बोरटाकळीतच. पोतडी घेऊन आला आणि रोहिणीचा चहा उकळेपर्यंत सगळी कुलपं काढून ओट्यावर रांगेत मांडली. ट्रंकेचं तेवढं राहिलं.

परतीच्या वाटेवर बाईंना बसमध्ये चैन पडेना. शेवटी त्या सीट धरत धरत पुढं गेल्या.

"बुवा, एक इचारू का? कुलूप सोडलं मंजी नवं लावायचं न्हाई. पन जे आधीच लावलेलं हाय, त्याचं काय? ते आपलं तसंच राह्यलं तर?"

बुवांनी डोळे मिटले. "लावणं ही क्रिया आहे. लागलेलं असणं ही स्थिती आहे. तुम्ही क्रिया सोडली. स्थिती राहू द्या. काय म्हणतो मी?"

बाईंना एकदम बरं वाटलं. सीटवर येऊन बसल्या. आणि पाथर्डी येईपर्यंत त्यांना काहीतरी खुपत राहिलं. हा निकाल कुठंतरी ऐकल्यासारखा वाटत होता. मग आठवलं. तो रस्सा.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस बाई नुसत्या फिरत होत्या. कपाट उघडं, कोठी उघडी, फ्रिज कुणीही उघडावा आणि कुणीही लावावा. हात कमरेला जायचा आणि रिकामा परत यायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाट घेतला आणि कपाटाला पाठ लावून बसल्या. तिथंच भाजी निवडायची, तिथंच जप, तिथंच दुपारची डुलकी.

"आत्या, जरा सरकता का? साखर घ्यायची होती."

"सकाळीच घेतली की."

"सकाळी सकाळची घेतली."

बाई इंचभर सरकल्या. रोहिणीनं हात घालून डबा काढला आणि हसत म्हणाली, "आत्या, तुम्ही कुलूप सोडलं की कुलपाची नोकरी धरली?"

बाईंनी पाट उचलला आणि ओट्यावर जाऊन बसल्या. तिथून आतलं काही दिसत नव्हतं. संध्याकाळपर्यंत रोहिणीनं न विचारता तीन वेळा चहा आणून दिला, आणि गोड करून. आबासाहेब हवं तेव्हा, गावात कुणालाही न विचारता, अंगण ओलांडून जात होते. त्यांची चालच बदलली होती.

एवढं सगळं सुटलं, पण पलंगाखाली ट्रंक होती आणि ट्रंकेला कुलूप होतं.

गावातल्या निम्म्या लोकांच्या मते तिच्यात सोनं होतं. खरं म्हणजे तिच्यात आहेराच्या साड्या होत्या. लग्नाकार्यात कुणी नेसवलेली साडी आपण नेसायची नसते, जपून ठेवायची आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाला नेसवायची. फक्त जिनं दिली तिलाच ती परत जाता कामा नये. तसं झालं तर त्या दोन घरांचं बोलणं बंद होतं, ते नातवंडांपर्यंत बंद राहतं. म्हणून बाईंनी प्रत्येक साडीला टाचणीनं चिठ्ठी लावून घेतली होती. जुन्या चिठ्ठ्या कल्याणनं शाळेत असताना पेन्सिलनं लिहिलेल्या, नव्या रोहिणीच्या अक्षरात. पण बाईंच्या हातून साड्या बाहेर जायच्याच नाहीत. कार्य आलं की त्या ब्लाऊजपिसावर भागवायच्या. ट्रंकेत साड्या यायच्या आणि बसून राहायच्या. पाटा गेलेल्या घरात एवढ्या साड्या, हे दुपारी एकटीनं ट्रंक उघडून बघणं, हेच बाईंचं सुख होतं.

आता किल्ली गंगेत, त्यामुळं तेही बंद. तरी कुलूप होतं म्हणजे साड्या होत्या.

पाडवा झाल्यावर बाईंनी मावंदं घातलं. काशीहून आलं की गंगेची पूजा करून सगळ्या सोयऱ्यांना जेवू घालायचं, ते मावंदं. दारात मांडव पडला. लापशी, आमटी, भात. कारेगावची नणंद आली, भजनी मंडळ आलं, खाजाभाई धुतलेला सदरा घालून आला. पाटावर गंगेचा गडू मांडला. तांब्याचा, तोंड लाखेनं बंद केलेला. तो मावंद्याच्या दिवशीच फोडायचा.

बुवांनी गळा साफ केला.

"ऐका मंडळी. कुणी भाजी सोडतं, कुणी फळ सोडतं. फळ सोडायला काय लागतं?" सविता दुसरीकडं बघायला लागली. "पण या माऊलीनं कुलूप सोडलं. हे घर आज उघडं आहे. असा त्याग मी ह्या तालुक्यात बघितला नाही. काय म्हणतो मी?"

मांडवातल्या बायकांनी हात जोडले. कारेगावची नणंद, जी वयानं मोठी होती, ती उठून बाईंच्या पायाला हात लावायला वाकली. बाई दचकून मागं झाल्या. त्यांच्या ओंजळीत गडू होता. त्याच घाटावरचं पाणी, ज्याला साक्षी ठेवून बोललं, ते. लाख फोडायला हात वर केला आणि तिथंच थांबला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

गडू पाटावर ठेवून त्या आत गेल्या. घरातून पत्रा फरशीवर ओढल्याचा असा आवाज आला की मांडवातली कुत्री उठून पळाली. बाई ट्रंक ओढत दारात आल्या. पदर खोचलेला, तोंड लाल.

"हे राह्यलंय," त्या म्हणाल्या. "ह्याला अजून कुलूप हाय. बुवा, तुमच्या रश्श्यावानी म्या बी एक पळवाट ठिवली व्हती. खाजाभाऊ, तोडा हे."

"भाभी, मी जेवायला आलोय. हातोडी कुठं आणलीय?" खाजाभाई म्हणाला. मग खाली बसला, कुलूप हातात घेऊन बघितलं आणि रोहिणीकडं हात केला. "बेटी, एक पिन दे."

रोहिणीनं केसातली पिन दिली. खाजाभाईनं ती आत घातली, जरा वळवली. टक्.

बाई बघतच राहिल्या. "पिनीनं उघडतं?"

"ह्या मेकचं? कायम."

"मग बाकीची?"

"तीबी पिनीनंच काढली."

"आरं, मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाई मला?"

"भाभी, तुमचा कुलपावर एवढा भरवसा. मी कशाला मधी पडू?"

मांडव हसून हसून वाकला. बाईंनी रोहिणीकडं बघितलं. रोहिणी खाली बघत केस परत बांधत होती. म्हणजे हिला काशीच्या फोनच्या दिवसापासून ठाऊक होतं. ट्रंक पलंगाखाली, पिन डोक्यात, सासू पाचशे कोस लांब. आणि हिनं बोट लावलं नाही, कारण फोनवर नको म्हटलं होतं.

"येडी पोर," बाई पुटपुटल्या, आणि झाकण उघडलं.

डांबरगोळ्यांचा वास मांडवभर झाला. आत साड्याच साड्या, आणि तळाशी कागदाच्या कपट्यांचा थर. गंजलेल्या टाचण्या ट्रंकेच्या ओढाताणीत तुटल्या होत्या. चिठ्ठ्या सगळ्या खाली, साड्या सगळ्या वर. कुणाची कोणती, हे ओळखायची सोय उरली नव्हती.

"आत्या," रोहिणी कानाशी म्हणाली, "आज राहू द्या. एकीची तिलाच गेली तर दंगल होईल."

बाईंनी एकदा ट्रंकेत बघितलं, एकदा पाटावरच्या गडूकडं. मग दोन्ही हातांनी साड्यांचा गठ्ठा उचलून सतरंजीवर टाकला. "घ्या गं बायांनो. जिला जी आवडंल ती. कुनी दिली, कुनाला गेली, मी इचारनार न्हाई आन तुमीबी इचारायचं न्हाई. आन नेसा, ठिवून देऊ नका माझ्यासारख्या."

मग नणंदेनं हिरवी उचलली आणि एकच झुंबड झाली. विजयमालाबाईंना जांभळी. खाजाभाईच्या घरच्यांसाठी बाईंनी स्वतः गुलाबी काढून दिली. रोहिणीच्या खांद्यावर एक पिवळी टाकली आणि वर म्हणाल्या, "तुला रंग शोभत न्हाई, पन घे."

सविता गर्दीत शिरली. "मी काय घेत न्हाई, पन," म्हणत तिनं ढीग तळापासून उपसला आणि एक मोरपंखी, जरीकाठाची बाहेर ओढली. अंगावर लावून बघितली. पुढं, मागं, खांद्यावर.

"अगं बया! काय रंग हाय! पोत बघा गं, पोत! आता न्हाई मिळत असलं कापड. पुष्पे, कुनी दिली व्हती गं ही?"

नणंदेनं आभाळाकडं बघितलं. रोहिणीनं पदर तोंडात कोंबला. त्या साडीची चिठ्ठी तिनंच लिहिली होती: कल्याणच्या लग्नात, सविता शेजारीण. मांडवातल्या निम्म्या बायका त्या लग्नात होत्या. आणि बाईंना तर त्याहून जास्त आठवत होतं. ती साडी देऊन झाल्यावर सविता महिनाभर गावात सांगत होती की, मी काय म्हनत न्हाई, पन चांगली साडी त्या घरात देऊन काय उपेग, कुलपात सडनार. बाईंनी त्याला उत्तर तेव्हाच तयार केलं होतं. सहा वर्षं ते जिभेच्या टोकाशी होतं, घासून घासून धार आलेलं. आज द्यायचं, सगळ्या सोयऱ्यांच्या देखत, एवढंच बाकी होतं.

बाईंनी तोंड उघडलं. मांडव थांबला.

"व्हती एक," बाई म्हणाल्या. "तुझ्यावानीच. लई मोठ्या मनाची."

"मन मोठं व्हय," सविता काठावरून हात फिरवत म्हणाली, "पन मी काय म्हनत न्हाई, अशी साडी हातची देऊन टाकायची मंजी जरा येडीच असंल."

"असंल बाई," पुष्पावतीबाई म्हणाल्या आणि त्यांना असं हसू फुटलं की त्या ट्रंकेच्या कडेवरच बसल्या. रोहिणी हसत हसत आत पळाली. सविताला काय झालं ते कळेना, पण मोरपंखी साडी छातीशी धरून तीही हसायला लागली. हसू जरा आवरल्यावर बाई उठल्या, पाटाशी आल्या, गडूची लाख एका ठोक्यात फोडली आणि सगळ्यांच्या हातांवर गंगा घालत निघाल्या. पहिली ओंजळ सविताची होती. "नीट धर," बाई म्हणाल्या, "साडीवर सांडंल."